बंदी, पण कधीपर्यंत?

जून संपत आला की नागपुरात मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "तीस तारखेच्या आत पेंचचं काही जमेल का?" कारण १ जुलैपासून पेंच आणि ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे बंद होतात, ते थेट ऑक्टोबरमध्ये उघडतात. बफरमधल्या काही फेऱ्या चालू राहतात, पण गाभा बंद म्हणजे बंद. जिप्सीवाले थोडे कुरकुरतात, रिसॉर्टवाले पावसाळी सवलतीची जाहिरात करतात आणि तीन महिने निघून जातात. या बंदीविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

तिकडे कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही. मासळीच्या विणीचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो. कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढतात, जाळी विणत बसतात. पोटावर पाय येतो, तरी बहुतेक जण बंदी पाळतात. कारण ती कशासाठी आहे हे त्यांना सरकारच्याही आधीपासून कळतं, आणि ती कधी संपणार हेही ठाऊक असतं.

या दोन्ही बंद्यांकडे मी आजवर फारसं लक्ष दिलं नव्हतं. लक्ष गेलं ते माझ्या भाच्यामुळे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. अभ्यासापेक्षा त्याचं मन दोर, हार्नेस आणि कॅराबिनरमध्ये जास्त रमतं. घरात खुंटीवर त्याचा दोर टांगलेला असतो आणि आपा त्याकडे सवतीकडे पाहावं तसं पाहते. नागपूर हे काही प्रस्तरारोहणाचं गाव नाही. सपाट मुलूख, काळी माती, संत्र्याच्या बागा. सह्याद्रीत राहणाऱ्या मुलांना घरामागे कडा मिळतो. आमच्या पोरांना त्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो. त्यामुळे संक्रांतीची सुट्टी जोडून आली की ही मंडळी जीप करून सातपुड्याच्या अंगाला निघतात.

अशाच एका जानेवारीत ते एका कड्यावर चढत होते. कड्याचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे लक्षात येईल. पहिला मुलगा निम्म्यावर पोहोचला तेव्हा वरून एक पक्षी ओरडत आला. एकदा, दोनदा, मग सारखा. कर्कश, तुटक आवाजात. डोक्याजवळून सूं करून जायचा, पुन्हा वर. पोरांना आधी गंमत वाटली, मग भीती. तेवढ्यात खाली गुरं चारणारा एक मुलगा धावत आला आणि त्यानं हाक दिली, "भाऊ, तिकडून नोका जाऊ! पाखराचा खोपा हाय तिथं."

त्यांच्या म्होरक्यानं दोन मिनिटं विचार केला आणि सगळ्यांना खाली उतरवलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये जोरदार भांडण झालं. अर्ध्यांचं म्हणणं, बरं केलं. अर्ध्यांचं म्हणणं, रात्रभर हाडं खिळखिळी करून आलो ते एका पाखरासाठी परत फिरायला का? भाचा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तेव्हाही त्याचा निकाल लागलेला नव्हता.

"मामू, पाटी नाही, सूचना नाही. आधी कळलं असतं तर गेलोच नसतो."

मी म्हटलं, "मग वन खात्याला कळवा की. पुढच्या वर्षी पाटी लागेल."

तो हसला. "कळवलं तर पाटी लागेल, पण ती पुन्हा कधी निघेल का? कायमचं बंद करतील. म्हणून कुणी कळवत नाही."

मला जे सांगायचं आहे ते या एका वाक्यात आहे. ज्यांना घरटं सगळ्यांत आधी दिसतं, तीच माणसं ते लपवतात. पक्ष्याचा राग येतो म्हणून नव्हे, तर बंदी एकदा आली की जात नाही हा त्यांचा अनुभव आहे म्हणून.

आधी त्या पक्ष्याबद्दल सांगतो. भाच्यानं केलेलं वर्णन असं होतं: कावळ्याएवढा, पाठ काळपट राखी, डोकं काळं टोपी घातल्यासारखं, पोट तांबूस, पंख टोकदार. सालिम अलींचं पुस्तक काढून आम्ही दोघांनी चित्रं पाहिली. त्यानं ज्यावर बोट ठेवलं तो होता शाहीन ससाणा. आपल्या घराघरांत शाहीन नावाच्या मुली आहेत. इक्बाल यांच्या शायरीत वारंवार भेटणारा, आरामाला न भुलणारा शाहीन तो हाच. जगभर ज्याला पेरेग्रीन म्हणतात त्या ससाण्याचा हा आपल्या उपखंडातला भाऊ. सूर मारताना पेरेग्रीन ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. पण हा शायरीतला बादशहा घरट्यासाठी एक काडीसुद्धा उचलत नाही. कड्यावरच्या एखाद्या कंगोऱ्यावर, उघड्या दगडमातीत तीन-चार अंडी घालतो. साधारण महिनाभर उबवण, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी सहा आठवडे. हे सगळं डिसेंबर ते एप्रिल या काळात.

माणूस जवळ गेला तर नेमकं काय बिघडतं? भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता. "आम्ही घरट्याला हात कुठे लावणार होतो?" हात लावायची गरजच नसते. माणूस दोरावर लटकून तासन्‌तास एका जागी असतो. तेवढा वेळ मादी अंड्यांवर बसत नाही, हवेत घिरट्या घालत ओरडत राहते. जानेवारीची सकाळ असेल तर अंडी गारठतात. मार्चची दुपार असेल तर तापलेल्या खडकावर ती शिजतात. अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू स्वतःच्या अंगाची ऊब राखू शकत नाही. त्याला आईचं पांघरूण लागतं. आई उडाली हे कावळ्याला कळायला वेळ लागत नाही. आणि पिल्लं थोडी मोठी, पण पुरती पंख न फुटलेली असतील, तर घाबरून ती वेळेआधीच कंगोऱ्यावरून उडी मारतात. चढणारा मात्र संध्याकाळी समाधानानं घरी येतो. आपल्यामागे काय झालं हे त्याला दिसतच नाही. कायद्यानं मात्र ते पाहिलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं हेही येतं. बंदूक नको, गलोल नको; नुसता उपद्रव पुरतो.

अडचण अशी की पक्ष्याचा हंगाम आणि माणसाचा हंगाम एकच आहे. पावसाळ्यात कडे शेवाळलेले, निसरडे. एप्रिल-मे मध्ये, विशेषतः आमच्या विदर्भात, खडकाला हात लावता येत नाही. उरतो दिवाळीनंतरचा हिवाळा. चढणारे तेव्हाच निघतात आणि ससाणा, गिधाड, शृंगी घुबड हे कड्यांवर राहणारे पक्षीही त्याच सुमारास संसार मांडतात. राज्य सरकारनं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचे, पण आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी आमच्या विदर्भाच्या जंगलांत आणि नागपुरात काढली. पक्ष्यांना त्यांची मराठी नावं मिळावीत म्हणून ते झटले. जून २०२५ मध्ये ते गेले. सालिम अली मुंबईचे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीनं त्यांना पक्ष्यांच्या वाटेला लावलं. या दोन माणसांच्या वाढदिवसांमधला आठवडा हा कड्यावरच्या गिधाडांच्या विणीचाही आरंभ असतो. या सप्ताहात शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, भाषणं होतात. त्याच आठवड्यात कुणीतरी दुर्बीण घेऊन कड्याकडेही पाहावं.

आता त्या 'बंदी' या शब्दाकडे येतो. हा शब्द ऐकला की आमच्या मोहल्ल्यात कान टवकारतात. कुरेशी घरातल्या माणसाला बंदी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. जनावराच्या नावानं घातलेली बंदी प्रत्यक्षात माणसाच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते हे त्यानं पाहिलेलं आहे. गुराख्याला, मध काढणाऱ्या कोरकूला, चराईला जाणाऱ्या बाईलाही ते ठाऊक आहे. म्हणून पक्ष्यांच्या प्रेमापोटी 'बंद करून टाका सगळं' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मला बंदीला चार प्रश्न विचारावेसे वाटतात. कशासाठी? नेमकी कुठे? कधीपासून कधीपर्यंत? आणि ती सगळ्यांना सारखी आहे का? या चारही प्रश्नांना सरळ उत्तर देणारी बंदी मी डोळे मिटून पाळेन. यातल्या एकालाही बगल देणाऱ्या बंदीबद्दल शंका घेण्याचा माझा हक्क मी सोडणार नाही.

मुदतीची बंदी आपल्याला परकी नाही. रोजा काय आहे? पाणी हराम नाही, भाकरी हराम नाही. फजरच्या आधी जे हलाल होतं ते मगरिबनंतर पुन्हा हलालच आहे. मधल्या वेळेत फक्त हात आवरायचा. हजला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. इहराम बांधल्यावर शिकार बंद, हरमच्या हद्दीत झाडही तोडायचं नाही, तिथल्या पक्ष्याला नुसतं हुसकवायचंही नाही. इहराम उतरला की शिकारीचं बंधन उतरतं. हरमच्या हद्दीचं बंधन मात्र कायम राहतं. म्हणजे काही मर्यादा काळाच्या असतात आणि काही जागेच्या, आणि दोन्हींची गल्लत करायची नसते. भाच्याला मी एवढंच म्हटलं, "कड्यावर चढणं गुनाह नाही. त्या तीन-चार महिन्यांत त्या कंगोऱ्याचा रोजा आहे, असं समज."

तो म्हणाला, "मामू, पण इफ्तारची वेळ कोण सांगणार?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर इतरांनी कसं शोधलं ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी बेसुमार झाली. किड्यातून लहान पक्ष्यात आणि लहान पक्ष्यातून ससाण्यात ते विष साठत गेलं. अंड्यांचं कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनानं ती फुटू लागली. मिसिसिपीच्या पूर्वेला पेरेग्रीन जवळजवळ संपला. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. कॅलिफोर्नियात योसेमिटी नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला एल कॅपिटन हा कडा म्हणजे जगभरच्या चढणाऱ्यांची पंढरी. १९७८ मध्ये या कड्यावर पेरेग्रीनचं घरटं सापडलं. तिथे पुढे जे झालं ते मला फार आवडतं. पातळ कवचाच्या अंड्यांतून पिल्लं निघत नव्हती, म्हणून शास्त्रज्ञांनी बंदिस्त जागेत जन्मलेली पिल्लं त्या घरट्यांमध्ये नेऊन ठेवायचं ठरवलं. एवढ्या उंचीवर ती पोहोचवणार कोण? त्या कामाला कडा चढणारेच उपयोगी पडले. ज्या हातांपासून घरटं वाचवायचं, त्याच हातांनी घरट्यात पिल्लू ठेवलं.

योसेमिटीत आजही दर वर्षी साधारण १ मार्च ते १५ जुलै या काळात घरट्यांजवळच्या चढाईच्या वाटा बंद असतात. अख्खा कडा नव्हे, घरट्याजवळचा भाग. जिथे पक्षी बसलेच नाहीत किंवा पिल्लं लवकर उडाली, तिथली वाट मुदतीआधी उघडते. पेरेग्रीनची संख्या सावरली आणि १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीतून बाहेर आला. इंग्लंड-वेल्समध्ये तर गिर्यारोहकांची ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल ही संस्था स्वतःच पक्षीसंस्थांशी बोलून कोणता कडा कधी बंद हे ठरवते आणि सभासदांना कळवते. बहुतेक ठिकाणी ही मुदत वसंतात सुरू होते आणि जूनअखेर संपते. मागे कायद्याचा दंडुका आहेच, पण पुढे उभं राहून सांगणारा माणूस चढणाऱ्यांपैकीच असतो. दर वर्षी पाटी लागते आणि दर वर्षी ती निघते. निघते म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

यावर भाच्याच्या मित्रांपैकी एकानं चांगला मुद्दा काढला. "डीडीटी आम्ही फवारलं नाही. पक्षी आम्ही संपवले नाहीत. मग दरवाजा आमच्याच तोंडावर का बंद?"

हा मुद्दा आपल्याकडच्या गिधाडांना अधिकच लागू पडतो. अब्बांचे एक दोस्त कामठीला चामड्याच्या धंद्यात होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ऐंशीच्या दशकातल्या गोष्टी ते सांगायचे. गावाबाहेर ढोर टाकलं की माणूस आणि गिधाड यांची शर्यत लागायची. कातडं आधी सोडवलं तर माणसाचं, नाही तर गेलं. माणसाचं काम झालं की गिधाडं उतरायची. शंभर-शंभर. एखाद-दीड तासात नुसता पांढरा सांगाडा. चार दिवसांनी हाडं गोळा करणारा यायचा. कुठे वास नाही, माशा नाहीत. चाचा म्हणायचे, "त्यांचं आणि आमचं दुकान एकच होतं." मग नव्वदच्या दशकात कधीतरी ती येईनाशी झाली. चाचांना वाटलं होतं, दुसऱ्या मुलखात गेली असतील.

ती कुठेही गेली नव्हती. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरत होती. हे कारण २००४ मध्ये उजेडात आलं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तोवर आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवहून अधिक संपली होती. गिधाडं गेली तिथे भटकी कुत्री वाढली, रेबीज वाढला, पाणी नासलं. २००० ते २००५ या काळात त्यापायी देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली असावीत, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला.

यात कडा चढणाऱ्या पोरांचा दोष कुठेच नाही. खरं आहे. पण उरलेल्यांचा हिशेब पाहा. लांब चोचीचं गिधाड कड्यावर घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. सुमारे पन्नास दिवस ते उबवतं, नंतर तीन महिन्यांहून जास्त काळ पिल्लाला भरवतं. त्या पिल्लाला स्वतः आईबाप व्हायला पाचेक वर्षं लागतात. पक्षी हजारोंनी होते तेव्हा एखादं अंडं वाया गेलं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आज एक अंडं गेलं की त्या जोडीचं अख्खं वर्ष गेलं. घरातला एकुलता एक मुलगा तापानं फणफणला असेल तर शेजारी आपला रेडिओ बारीक करतो. ताप त्यानं आणलेला नसतो, तरीही.

आणि आता तर हा प्रश्न नागपूरच्या दाराशी आला आहे. हरियाणातल्या पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथून दहा लांब चोचीची गिधाडं पेंचला आणि दहा पांढऱ्या पाठीची ताडोबाला आणली गेली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून, पाठीवर जीपीएस यंत्र बांधून त्यांना मोकळं केलं. ताडोबातून उडालेलं एक तर तमिळनाडूपर्यंत पोहोचलं. ज्यांना आभाळात सरहद्द नसते, त्यांना एखाद्या अभयारण्याच्या कुंपणात सांभाळता येत नाही. उद्या यांपैकी एखादी जोडी एखाद्या कड्यावर बसली, तर तो कडा व्याघ्र प्रकल्पातच असेल असं नाही. तो एखाद्या गावच्या शिवारात असेल, आणि त्याच कड्याखाली संक्रांतीच्या सुट्टीत एखादी जीप येऊन थांबेल.

नाशिकजवळ अंजनेरीला ही गोष्ट पुढच्या पायरीवर गेलेली दिसते. तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविकही श्रद्धेनं तिथे जातात. पुढे पर्वतमाला योजनेत अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवे आखला गेला, तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी गिधाडांसाठी विरोध केला. माझा मुद्दा भक्तांबद्दल नाही. पायी चढून जाणारा भक्त संध्याकाळी उतरतो आणि डोंगर पुन्हा शांत होतो. तारेवरचा पाळणा मात्र एकदा बसला की बाराही महिने फिरतो. नोव्हेंबर ते एप्रिल तो थांबवा, असं कुणी म्हणेल का? आणि म्हटलं तर तो थांबेल का? चार पोरांच्या दोरावर बंदी घालणं सोपं असतं. म्हणून माझा चौथा प्रश्न: बंदी सगळ्यांना सारखी आहे का? पाळण्याला मुभा आणि पोराला दंड, असं असेल तर त्या पोरानं घरटं लपवलं म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

मग करायचं काय? फार मोठं काही नाही. आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक आहेत, जंगलालगतच्या गावांत संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत, आणि चढणाऱ्या मुलांचे गट आहेत. या तिघांनी दिवाळीनंतर एकदा एकत्र बसावं. ज्या दहा-पाच कड्यांवर चढाई होते ते खालून, लांबून दुर्बिणीनं पाहावेत. कंगोऱ्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले तर वर कुणीतरी राहतं असं समजावं. तेवढ्याच भागाच्या पायथ्याशी मराठीत एक पाटी लावावी: येथे पक्षी उबवणीला बसले आहेत, अमुक तारखेपर्यंत या वाटेनं चढू नये, पलीकडची वाट खुली आहे. फेब्रुवारीत पुन्हा पाहावं, मार्चमध्ये पुन्हा. पिल्लं उडाली की पाटी काढावी, आणि ती काढणाऱ्यांत चढणारी मुलंही असावीत. लक्ष ठेवायचं काम त्या गुराखी पोराला द्यावं आणि त्याचे पैसेही द्यावेत. त्या दिवशी त्या कड्याखाली पक्ष्याचं कॅलेंडर फक्त त्यालाच पाठ होतं.

आणि घरट्याचा पत्ता इंटरनेटवर टाकू नये. फोटोही नको. कॅमेरेवाल्यांची गर्दी ही दोरवाल्यांपेक्षा कमी त्रासदायक नसते. कड्याचं नाव मी लिहिलं नाही ते यासाठी.

कुणी म्हणेल, आपली पोरं कसली ऐकतात! माझा अनुभव वेगळा आहे. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं की हीच पोरं आवाज न करता वाट बदलतात. अत्तर लावत नाहीत, विडी पेटवू देत नाहीत, आदल्या दिवशी गावात चौकशी करतात. त्या बंदीला पाटी लागत नाही, गार्ड लागत नाही. मधमाशीला नांगी आहे म्हणून आपण तिचा मान राखतो. ससाण्याला नांगी नाही. तो नुसता ओरडतो. त्याच्या ओरडण्याला नांगीइतकी किंमत द्यायला शिकणं, एवढंच शिक्षण बाकी आहे.

भाच्याच्या गटानं यंदा एक वही केली आहे. त्यात कड्याचं नाव, तारीख, पक्षी दिसला की नाही, ओघळ ताजे की जुने, असे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यावर त्यानं लिहिलंय 'उघडण्याची तारीख'. ती वही अजून कुणालाही दाखवायला तो तयार नाही. तो रकाना सरकारी कागदावरही असेल असं कुणीतरी त्याला खात्रीनं सांगितलं, तर तो त्याच दिवशी ती वही नेऊन देईल.